हरिभाऊचा एक राऊंड, माहे तीन

...नाही जी, हासू नका, आधी पुरं आयकून घ्या. साखर माही, पाय माहे, बूट माहे, पाहटे पाचाले उठनारा मी, अन् घरची पोट्टी मले तोंडावर म्हनते, बाबा, तुम्ही चालून नाही राहिले, तुम्ही खेचल्या जाऊन राहिले. खेचल्या? मी का बैलबंडी हाओ? मी राजकुमार बोपचे, भिलाईच्या स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधला क्रेन ऑपरेटर, सत्तावीस वर्ष झाले, वर केबिनीत बसून खालच्या लोकाईच्या डोक्यावरून पंधरा-पंधरा टन लोखंड अल्लाद नेऊन ठेवतो. खेचतो तं मी खेचतो, मले कोन खेचन? अन् तरी बी ते म्हनते खेचल्या जाऊन राहिले, अन् वही उघडून दाखवते, अन् वहीत ते खरंच निघते... सांगा बरं, यात माही का गलती?

झालं असं का फागुनात डॉक्टरनं शुगर पाहिली. तीन महिन्याची मिळून जे शुगर असते ना, ते. नऊ निघाली. डॉक्टरनं कागदाकडे पाहिलं, माह्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. "बोपचे जी, आप क्रेन चलाते हैं ना? तीन महीने बाद मेडिकल है ना? इतनी शुगर में ऊपर नहीं चढ़ने देंगे. ऊपर चक्कर आ गया तो नीचे कौन खड़ा है, सोचा है?" मले तं शुगर हाये हेच माहीत नव्हतं जी, मी आपला लाडू खाऊन गेलो होतो, का डॉक्टरकडे उपाशी पोटी कशाले जा.

आता तुमाले वाटन, नाही चढू देलं तं नाही देलं, खाली एखादा टेबल भेटन, पंखा भेटन, चार वर्ष राहिले रिटायरमेंटले, बसून काढ. पन मले खाली काम येत नाही जी. सत्तावीस वर्ष मी खालच्या लोकाईचे फक्त डोकेच पाहिले. वरून सगळे बराबर दिसतेत, सुपरवायझर बी अन् मदतनीस खलाशी बी, अन् सगळे मान वर करून माह्याकडे पाहतेत का राजकुमार कधी उचलते. खाली उतरलो का मी कोन? हे मी प्रेमलाले सांगतलं, प्रेमला म्हन्जे माही बायको, तं ते म्हनते, "खाली उतरले का तुमी घरात जसे हाये तसे. उद्यापासून चाला." झालं.

डॉक्टरनं सांगतलं होतं, रोज पाऊन तास, जोरात, न थांबता. थांबला का मोजनी पुन्हा पह्यल्यापासून. सेक्टर सहाले आमच्या क्वार्टरामागं मैदान हाये, त्याले गोल ट्रॅक हाये, सहाशे मीटरचा. मी घड्याळ लावून पाहिलं, जोरात चाललो तं सहा मिनिटात एक राऊंड. पाऊन तासात साडेसात राऊंड. म्हनलं बस, तीन महिन्यात साखर अशी पाडतो का डॉक्टर लाडू घेऊन घरी येईन.

पन त्या ट्रॅकवर हरिभाऊ असतेत.

हरिभाऊ म्हन्जे आमचे काका. सख्खे नाही, गावचे. तिरोड्याकडचे, आमच्या बाजूच्याच गावचे. सत्तरीच्या वर वय, सहा फूट उंची, एकशे दहा किलो वजन, अन् गुडघे दोन्ही गेलेले. मी खलाशी म्हनून लागलो तवा ह्याच मानसानं मले हाताले धरून शिडी चढवली, केबिनीत बसवलं, अन् म्हनलं, "हे हँडल नाही राजकुमार, हा लगाम हाये, झटका देशीन तं लोड झुलन." आता ते रिटायर हाये, मागच्या वर्षी काकू गेल्या, शकुबाई काकू, तवापासून एकटेच. रोज पावने सहाले गेटातून ट्रॅकवर उतरतेत, बाहेरच्या काठानं चालतेत, कावून का तितकी जागा त्याईलेच लागते, अन् एक राऊंड अठरा मिनिटात पुरा करतेत. अठरा. मी बी पावने सहालेच उतरतो. त्याईचा एक राऊंड, माहे तीन.

तुमाले सांगतो, मले ह्या हिशेबात काही वावगं दिसलं नाही. कोनाले दिसलं असतं? म्हातारा मानूस हळू चालते, मी जोरात चालतो, ट्रॅक मोठा हाये. पन गेटापासून दोघं संगं निंघालो, का बराब्बर नऊ मिनिटानं मी दीड राऊंड मारून अन् ते अर्धा राऊंड मारून आमी दोघं कुठं? पान्याच्या टाकीपाशी, गेटाच्या अगदी समोरच्या बाजूले. अन् अठरा मिनिटानं कुठं? पुन्हा गेटापाशी. मंग टाकी. मंग गेट. रोज. एक पाऊल इकडे नाही, तिकडे नाही.

अन् आमची रीत तुमाले माहीत हाये. वडीलधारा मानूस, त्यातून गाववाला, त्यातून ज्यानं पोटाचा धंदा शिकवला, त्याच्या बाजूनं नुसता हात हालवून निंघून जाता येते का? थांबा लागते. वाका लागते. "पाया पडतो काका" म्हना लागते. अन् मी वाकलो का वरून तो हात येते, खांद्यावर. पाच किलोचा हात जी.

"अरे राजकुमाऽऽर... तं मी का सांगत होतो... हां. भिलाई-तीन."

भिलाई-तीनचं असं हाये का हरिभाऊ नोकरीसाठी गावावरून पह्यल्यांदा आले, तवा चुकून दोन स्टेशनं पुढं जाऊन, भिलाई-तीनले उतरले. लोखंडी पेटी, एक कंबल, अन् अनोळखी स्टेशन. हे गोठ ते टाकीपाशीच सांगतेत. कावून तं पह्यल्या दिवशी टाकीपाशी भेटलो तवा नळाचं पानी पाहून त्याईले त्या स्टेशनवरचा नळ आठवला, अन् तवापासून टाकी आली का भिलाई-तीन. जिथं काल सोडलं तिथून पुढं. अन् गेटापाशी शकुबाई काकूचं. गेटापाशी काकूच्या दवाखान्यातला शेवटचा आठवडा, तो बी जिथं सोडला तिथून. आता कोनी काकूच्या शेवटच्या आठवड्यातून "बरं काका, येतो" म्हनून निंघून दाखवा. मी पैज लावतो.

दीड महिना झाला. हरिभाऊ अजून भिलाई-तीनच्या प्लॅटफॉर्मवरच. पेटीवर बसले हाये, नळावरून पानी पेऊन राहिले. अन् माहे साडेसात राऊंड व्हायले पाहिजे तिथं तीन व्हायचे, ते बी दोन तुकड्यात. मी शुगर पुन्हा पाहिली. आठ दशांश नऊ... म्हन्जे आठ पॉइंट नऊ. दीड महिन्यात नुसता पॉइंट एक कमी. कागद माह्या हातातून खाली पडला. प्रेमलानं उचलला, वाचला, अन् म्हनते, "तुमी चालाले जाता का उभं राहाले जाता?" मी काय सांगू? सांगा बरं, यात माही का गलती?

आता आमची नीतू. आमची पोरगी, रायपूरले फिजिक्समधे एम.एस्सी. करून राहिली, रोज लोकलनं जाते-येते. तिले कॉलेजात सेमिनार द्यायचा होता, विषय, गुरू ग्रह अन् त्याच्या अलिकडचे लहान-लहान दगड. गुरू म्हन्जे तोच, पत्रिकेतला, लग्नाच्या वक्ती ज्याचं बळ पाहतेत तो. मले वाटलं पोट्टी लायब्ररीत बसून करन. पन ते काय करते, रोज पाहटे माह्या मागं-मागं मैदानावर येते, गेटापासच्या बेंचवर बसते, अन् वहीत लिवते. मी म्हनलं अभ्यास करून राहिली, चांगली हवा हाये. चार हप्ते बसली. अन् एका रविवारी जेवायच्या वक्ती ताट बाजूले सरकवून तिनं टेबलावर एक मोठा कागद पसरला.

कागदावर बिंद्याच बिंद्या. "बाबा, ये देखो. प्रत्येक बिंदी म्हन्जे ट्रॅकवरचा एक मानूस. कोन किती मिनिटात राऊंड मारते ते लावलं."

मी म्हनलं, हा तुहा सेमिनार? ते म्हनते, "आप पहले देखो तो सही."

पाहिलं. पाच मिनिटावाले, साडेपाचवाले, साडेसहावाले, आठवाले, सगळे हाये. पन मधे-मधे जागा रिकामी. सहा मिनिटापाशी पांढरं. नऊ मिनिटापाशी पांढरं. सात अन् वर काही सेकंद, तिथं बी पांढरं. दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं. मी म्हनलं, सहा मिनिटात अन् नऊ मिनिटात कोनी चालतच नाही का?

"चालत होते बाबा. दिवाळीपर्यंत होते. मैंने सबसे पूछा. हरिभाऊ आजोबा ट्रॅकवर याले लागले, अन् त्यानंतर ज्याईचा राऊंड त्याईच्या राऊंडच्या बरोब्बर अर्ध्यात, तिसऱ्या हिश्शात बसत होता, वो सब गायब. तीन-एक में कोई नहीं बचा. बस एक बचा है." अन् तिनं लाल पेनानं सहा मिनिटापाशी एक बिंदी काढली. एकटीच. "ये आप हो."

प्रेमला भाजीचा चमचा हातात धरून तशीच.

मी म्हनलं, गायब म्हन्जे? तं तिनं जानरावचं सांगतलं. जानराव आमच्याच लाइनीतला, वेल्डर, नऊ मिनिटात एक राऊंड मारायचा. हरिभाऊच्या एका राऊंडात त्याचे दोन. म्हन्जे तो रोज एकाच जागी सापडायचा, गेटापाशी, अन् गेटापाशी बेंच हाये, म्हन्जे बसाच लागते. आधी-आधी बसला. मंग गेट आलं का ट्रॅक सोडून गवतातून थोडा फेर घेऊन जाऊ लागला. मंग तो फेर वाढला. मंग मागच्या भिंतीच्या फटीतून बाहेर रोडवर, मार्केटच्या बाजूनं चक्कर मारून पुन्हा आत. गोल राहिलाच नाही, लांबच लांब झाला. अन् एक दिवस तिकडे रोडवर एका स्कूटीनं त्याले घासलं. तवापासून जानराव घरी. मी त्याले पाहाले गेलो होतो जी, बिस्किटं घेऊन गेलो होतो, अन् तो मले म्हनला होता, "मैदान जमत नाही भाऊ आता." मी म्हनलं पाय दुखत असन. मले काय माहीत त्याले कोनं फेकलं.

"अन् बाबा, वर बी हेच हाये," नीतू म्हनते.

वर म्हन्जे? तं आकाशात. मंगळ अन् गुरूच्या मधात लाखो दगड सूर्याभोवती फिरून राहिले, कोनी लहान, कोनी आपल्या सेक्टराएवढा, कोनी त्याहून मोठा. गुरू बाहेरून जाते, हळूहळू, एका राऊंडले बारा वर्षाच्या जरा कमीच. अन् वजन? बाकीच्या साऱ्या ग्रहाईले एका पारड्यात टाका, तरी त्याच्या अर्ध्यात नाही येत. आता जो दगड चार वर्षात राऊंड मारते, तो गुरूले दरवेळी त्याच दोन जागी भेटते. टाकी, गेट. टाकी, गेट. गुरू काही मुद्दाम करत नाही. जाता-जाता थोडंसं ओढते, बोटभर. पन तेच बोट, तीच जागा, हजारो राऊंड. दगडाचा रस्ता लांबते, लांबते, मंगळाच्या रस्त्यापर्यंत जाते, अन् मंग एक दिवस स्कूटी. दीडशे वर्षाआधी एका गनिताच्या मास्तरनं दगडाईचे आकडे मांडले, तं त्याले बी असेच पांढरे पट्टे दिसले. अन् ज्याचा हिशेब असा सरळ बसत नाही, तो गुरूले कधी इथं भेटते, कधी तिथं, एकदा पुढं ओढल्या जाते, एकदा मागं, फिटमफाट. तो तसाच राहते.

तुमाले सांगतो, मले विश्वास नसता बसला. फिजिक्सचं मले काय कळते. पन हे तं मले सत्तावीस वर्षापासून माहीत हाये जी. हुकाले पंधरा टनाचा लोड टांगलेला असते, त्याले एक झटका देला तं काही होत नाही. पन तो झुलून परत आला का बराब्बर त्याच वक्ती पुन्हा बोटभर झटका, पुन्हा परत आला का पुन्हा, अशा चार-पाच झटक्यात तो लोड इतका झुलते का खालचे लोकं हातातलं टाकून पळतेत. नव्या पोराईले मी हेच शिकवतो. अन् मले हे शिकवलं कोनं? हरिभाऊनं. ज्यानं शिकवलं का बाबू झुलू देऊ नको, त्यानंच मले झुलवलं. मी हात धुवायले उठलो तं बेसिन कोन्या बाजूले हाये हेच आठवेना.

नीतूले म्हनलं, बाई, सेमिनार जाऊ दे, मले ह्यातून काढ. मेडिकलले दीड महिना राहिला. ते म्हनते, सोपं हाये, चाल बदला.

बदलली. म्हनलं जोरात चालू, साडेचार मिनिटात राऊंड मारू. छप्पन वर्षाचा मानूस, दीड राऊंडात माहा जीव गळ्यात आला, टाकीपाशी मी स्वतःच उभा राहिलो, अन् मागून हरिभाऊ आले. "दमला का राजकुमार? बस. तं मी का सांगत होतो..." म्हनलं हळू चालू. सात मिनिटाच्या वर दहा-बारा सेकंद, असा आरामात. तं आता टाकी गेली, पन तीन नव्या जागा आल्या, गेट, घसरगुंडी अन् लाइटचा खांब. रोज त्याच तीन. अन् चौथ्या दिवशी घसरगुंडीपाशी एक नवीन गोठ चालू झाली, खांबापाशी दुसरी. आधी दोन गोठी होत्या, आता तीन. नीतूनं वही पाहून कपाळाले हात लावला. "बाबा, पाँच-दो में घुस गए आप. तुमचे पाच, त्याईचे दोन. वर बी तो पट्टा रिकामाच हाये." मी जिथं जातो तिथं खड्डा. पूर्ण ट्रॅकवर मले बरोब्बर खड्डेच कसे सापडतेत? सांगा बरं, यात माही का गलती?

शेवटी तिनं हिशेब करून देला. सहा मिनिट चाळीस सेकंद. ना इकडचा, ना तिकडचा. मोबाईलवर टिकटिक लावून देली, तिच्या तालावर पाय टाकायचे.

अन् जादू जी. हरिभाऊ भेटायचे, पन कधी भिंतीपाशी, कधी बेशरमाच्या झुडपापाशी, आज इथं तं उद्या तिथं. मी "पाया पडतो काका" म्हनलं का ते हात वर करायचे, इकडे-तिकडे पाहायचे, जसं काही शोधून राहिले, अन् म्हनायचे, "हां... चालू दे, चालू दे." त्या जागेची गोठच नव्हती ना त्याईच्यापाशी. चार दिवस मी न थांबता चाललो. पाऊन तास. घाम असा का बुटात पानी. घरी येऊन मी शिट्टी मारून राहिलो, प्रेमला म्हनते, इतका खुश तं तुमी आपल्या लग्नात बी नव्हते.

पाचव्या दिवशी टाकीचं वळण घेतलं अन् पाहतो तं हरिभाऊ उभे. चालून नाही राहिले. उभे. टाकीच्या कठड्याले हात लावून. गुरू थांबला जी. नीतूच्या वहीत हे कुठंच लिवलं नव्हतं.

वाकलो. "पाया पडतो काका." खांद्यावर हात आला नाही. ते म्हनले, "राजकुमार, एक विचारू का रे? माह्या अंगाले वास येते का?"

मी म्हनलं, काका, हे का बोलून राहिले?

"नाही, मी पाहून राहिलो. मी ट्रॅकवर आलो, अन् मानसं कमी झाले. जानराव गेला. ते दोघं मास्तर नवरा-बायको गेले. एक-एक करून सारे निंघून गेले. मले वाटलं होतं, जाऊ दे, राजकुमार हाये. आता चार दिवसापासून तू बी टाकीपाशी दिसत नाही." अन् मंग हळूच म्हनले, "मले तं चालनं होतच नाही रे बाप्पा. गुडघ्यात सुया टोचल्यासारखं होते. डॉक्टरनं घरी बसाले सांगतलं. पन तू काकूच्या तेरवीच्या दिवशी म्हनला होता ना, काका, घरात एकटे बसू नका, पावने सहाले ट्रॅकवर या, मी हाओ, जिथं भेटू तिथं थांबून दोन शब्द बोलू. मंग मी विचार केला, पोरगा वाट पाहत असन. म्हनून येतो."

मी म्हनलो होतो.

तुमाले सांगतो, मी म्हनलो होतो. मले पुरं आठवलं. काकूची तेरवी, अंगनात मंडप, मी वाढून राहिलो होतो, हरिभाऊ खुर्चीवर बसून ताटाकडे पाहून राहिले होते, जेवत नव्हते, तं मी हातातली बकेट खाली ठेवून त्याईच्यापाशी बसलो अन् म्हनलं. म्हनाले काय लागते? सगळेच म्हनतेत. मी म्हनून विसरलो, अन् तवा मी स्वतः ट्रॅकवर जात बी नव्हतो. अन् हा मानूस दुसऱ्या दिवसापासून, दोन गेलेले गुडघे घेऊन, पावने सहाले, रोज. फागुनात मी आलो तवा त्याईले वाटलं असन, पोराले सवड भेटली. म्हन्जे ट्रॅकवर गुरू आनला कोनं? जानरावचा पाय कोनामुळं गेला? मी टाकीच्या कठड्यावर बसलो. हरिभाऊ बाजूले बसले. म्हनले, "साखर कमी झाली का तुही?"

त्या दिवशी मी थांबलो. पुरा वेळ. आमी दोघं भिलाई-तीनच्या प्लॅटफॉर्मवर बसून होतो.

घरी येऊन नीतूले सांगतलं. तिले बी वाईट वाटलं, पोट्टीच्या डोळ्यात पानी आलं. मी म्हनलं, रडू नको, आता सांग, ह्या मानसाले सोडून जाता येत नाही अन् त्याच्यापाशी थांबता बी येत नाही, एक महिना उरला. अन् बोलता-बोलता मले लोड आठवला. झुललेला लोड कसा थांबवतेत, माहीत हाये? तुमी म्हनान, दाबून. नाही. क्रेन त्याच्या संगंसंगं न्या लागते. तो जिकडे चालला तिकडे, त्याच्याच चालीनं, त्याच्या डोक्यावर जाऊन उभी करा लागते. मंग तो शांत होते. हे बी हरिभाऊनंच शिकवलं.

नीतू एकदम उठून बसली. "बाबा, वो भी है. वर बी हाये. काही दगड गुरूच्याच चालीनं चालतेत. एकाला एक. गुरूच्या वर्तुळाचा सहावा हिस्सा पुढं एक टोळी, अन् सहावा हिस्सा मागं एक टोळी. त्याईले तो फेकत नाही. उलट संभाळून घेते."

सहाशेचा सहावा हिस्सा, शंभर मीटर. ठरलं. आता मी साडेचारले उठतो. पावने पाच ते साडेपाच माहे साडेसात राऊंड, साखरेचे, एकट्याचे, कुत्रे बी झोपलेले असतेत तवा. अन् पावने सहाले हरिभाऊ आले का त्याईच्या पुढं शंभर मीटर, त्याईच्या चालीनं, अठरा मिनिटात एक राऊंड. आता वडीलधाऱ्याच्या पुढं कसं चालावं, हा प्रश्न होता, तं मी म्हनलं, काका, मी पुढून रस्ता पाहतो, कुठं दगड-गोटा असन तं सांगतो. ते खुश. म्हनले, "हां, तू पायलट इंजन." मी मधून-मधून मागं पाहतो, ते हात वर करतेत. दोन राऊंड झाले का गेटापासच्या बेंचवर दहा मिनिट गोठ. बस, दहा. काकूचा शेवटचा आठवडा आमी मागच्या महिन्यात पुरा केला. त्या दिवशी ते रडले, मी बी रडलो, अन् मंग दोघायनं टपरीवर बिना साखरेचा चहा पेला.

अन् आठ दिवसानं पाहतो तं हरिभाऊच्या मागं, शंभर मीटरवर, कोनी लंगडत-लंगडत येऊन राहिलं. जानराव. नीतूनं जाऊन सांगतलं होतं त्याले. मंग ते मास्तर नवरा-बायको आले, ते माह्याकडे पुढं. मंग एक-एक करून बाकीचे बी परतले. आता पुढं आमी सहा, मागं ते पाच, मधात हरिभाऊ. मार्केटमधे लोकं विचारतेत, सकाळी कोनाची मिरवनूक निंघते जी?

मेडिकल झालं परवा. मी मनातल्या मनात क्रेनची शिडी चढत बसलो होतो, कंपाउंडरनं नाव घेतलं तं आयकूच आलं नाही. सात पॉइंट एक. डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बोपचे जी, ये आपकी ही रिपोर्ट है?" फिट. एक वर्षासाठी. मले इतका धक्का तं नऊ निघाली तवा बी नव्हता बसला. काल सकाळी बेंचवर हरिभाऊले सांगतलं. त्याईनं माह्या डोक्यावर हात ठेवला, तोच पाच किलोचा, अन् बराच वेळ काहाडलाच नाही. मंग म्हनले, "बेस झालं. चार वर्षानं तू बी मोकळा होशीन, मंग संध्याकाळी बी येत जाऊ. तं मी का सांगत होतो... हां. मंग मी पेटी उचलली, अन् स्टेशनाच्या बाहेर आलो."

बाहेर आले जी. भिलाई-तीनच्या बाहेर आले. तीन महिन्यानं मानूस स्टेशनाच्या बाहेर आला, अन् आता मले कळलं का अजून नोकरी लागायची हाये, क्वार्टर भेटायचं हाये, लग्न व्हायचं हाये, पूर्ण प्लांट उभा व्हायचा हाये.

घरी येऊन नीतूले विचारलं, बाई, ते पुढचे-मागचे दगड, एकाला एकवाले, ते किती दिवस असे त्याच्यासंगं फिरतेत? कधी सुट्टी भेटते का त्याईले? तिनं वहीतून डोकं बी वर नाही केलं. "चार अरब साल हो गए बाबा. अभी तक वहीं हैं."

बूट दारापाशी नीट लावून ठेवले, साडेचारचा अलार्म लावला अन् आडवा झालो. प्रेमला अंधारात म्हनते, "यात गलती कोनाची हाये, माहीत हाये ना?" म्हनलं, हो व, माहीच हाये, आता झोपू दे, पाहटे पायलटले जा लागते.